सी४ कॉर्व्हेटचा बोस स्टिरिओ खरखरतोय? आधी डॅशबोर्डला हात लावू नका

अमेरिकेत येऊन काही वर्षं झाली, घर झालं, मुलं शाळेत जायला लागली, की आपल्यातल्या बऱ्याच जणांना एखादी जुनी टू-सीटर घ्यायची हुक्की येते, आणि बजेट बघितलं की शोध फिरून फिरून सी४ कॉर्व्हेटपाशी येतो. सी४ म्हणजे शेवरलेच्या कॉर्व्हेटची चौथी पिढी, १९८४ ते १९९६ मॉडेलची, केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यातली, आणि कॉर्व्हेटच्या सगळ्या पिढ्यांत अजूनही त्यातल्या त्यात खिशाला परवडणारी. गाडी मस्त असते, पार्ट मिळतात, फक्त स्टिरिओ लावला की एखाद्या दारातून फट् फट् येतं, मग गुणगुण, मग खर्रर्र, आणि विकणारा खांदे उडवून सांगतो की रेडिओ तेवढा बदलून टाका.

हाच सल्ला सगळ्यात महागात पडतो, कारण या गाडीत बोस सिस्टिम असेल तर बिघाड बहुतेक वेळा रेडिओत नसतोच. लोक नवीन हेड युनिट (डॅशमध्ये बसणारा रेडिओ) आणतात, डॅशबोर्डची जुनी ठिसूळ प्लास्टिक उचकटताना दोन ठिकाणी तोडतात, तारा कापतात, सगळं जोडतात आणि तीच खरखर पुन्हा ऐकतात, फक्त आता निळ्या लाइटच्या स्क्रीनसकट.

आधी ही सिस्टिम काय आहे ते बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. साध्या गाडीत अँप्लिफायर रेडिओच्या पोटातच असतो आणि तिथून जाड, म्हणजे ताकदवान, सिग्नल तारांनी स्पीकरपर्यंत जातो. जीएमची (जनरल मोटर्स, म्हणजे कॉर्व्हेट बनवणारी कंपनी) रेडिओवाली शाखा डेल्को आणि बोस यांनी मिळून जी सिस्टिम केली (पहिल्यांदा आली १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिल वगैरे गाड्यांत, कॉर्व्हेटला १९८४ पासून, तेव्हा ८९५ डॉलरचा ऑप्शन होता आणि तरी लोकांनी भरभरून घेतला) तिच्यात चार कोपऱ्यांत चार बंद प्लास्टिकचे डबे आहेत, दोन दारांत आणि दोन मागे काचेखालच्या सामानाच्या जागेत, आणि प्रत्येक डब्यात स्पीकरबरोबर त्याचा स्वतःचा अँप बसवलेला आहे. डॅशमधला रेडिओ फक्त बारीक सिग्नल पाठवतो. ताकद सगळी त्या डब्यांत. जाता जाता, हे बोस म्हणजे कंपनी काढणारे अमर बोस, वडील कलकत्त्याचे, इंग्रजांच्या पोलिसांना चुकवून अमेरिकेत आलेले, आणि मुलगा पुढे एमआयटीत प्राध्यापक. गाडीच्या केबिनचा आकार, सीट, काच सगळं धरून प्रत्येक डब्याचा आवाज त्या जागेसाठी जुळवायचा, ही कल्पना त्या काळात नवीन होती.

आता त्या अँपच्या बोर्डावर असतात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, आणि त्यांच्या आत असतो द्रव. तीस-पस्तीस वर्षांत तो सुकतो नाहीतर गळतो. त्यात सी४ ची मागची काच केवढी आहे बघा, ऍरिझोना किंवा टेक्ससच्या उन्हात पार्क केली की आत भट्टी होते, आणि मागचे दोन डबे त्या काचेखालीच. गळलेला द्रव बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खात सुटतो. म्हणून आवाज एकदम बंद पडत नाही, आधी चालू करताना फट् होतं, मग गाडी तापली की खरखर, मग सतत गुणगुण, आणि शेवटी तो कोपरा गप्प. काही अँप शेवटी इतके तापतात की वास येतो. वास आला तर पुढचं वाचायच्या आधी त्या डब्याचा प्लग काढा.

तर पहिली टेस्ट, आणि हिला एकही हत्यार लागत नाही. इंजिन बंद, चावी फक्त ॲक्सेसरीवर, रेडिओ चालू करा आणि व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. आता कान लावा. व्हॉल्यूम शून्य असूनही खरखर तेवढीच येत असेल तर ती व्हॉल्यूमच्या नॉबच्या पुढे कुठेतरी तयार होतेय, म्हणजे अँपमध्ये किंवा वायरिंगमध्ये, आणि रेडिओ बहुतेक सुटला. व्हॉल्यूम वाढवला की खरखरही वाढते, कमी केला की कमी होते, असं असेल तर गडबड रेडिओच्या बाजूला, मग टेप लावून बघा, एफएम लावून बघा, एकातच येते की सगळ्यात. फक्त टेपवर येत असेल तर अँप बिचारा निर्दोष आहे. ही एक टेस्ट न करता लोक शेकड्यांनी डॉलर घालवतात, म्हणून दोनदा करा, गाडी थंड असताना एकदा आणि तासभर उन्हात उभी राहिल्यावर एकदा.

मग कोणता कोपरा ते शोधायचं. बॅलन्स (डावं-उजवं) पूर्ण डावीकडे, फेडर (पुढे-मागे) पूर्ण पुढे, ऐका, मग एकेक कोपरा करत फिरा. पण एक लक्षात घ्या, खरखर अँपमध्येच जन्मत असेल तर फेडर मागे नेला तरी पुढच्या दारातून ती येतच राहणार, कारण त्या अँपला करंट चालूच आहे. त्यामुळे बॅलन्स-फेडरने गाणं कुठून येतंय ते कळतं, खरखर कुठून येतेय त्यासाठी कान जाळीला लावायला लागतो. मागच्या डब्यांसाठी कोणाला तरी मागे डोकं घालायला सांगा, बायको-मुलं हसतील, हसू दे.

एका वेळी एकच कोपरा आजारी असेल तर अँप, स्पीकर किंवा त्या कोपऱ्याची वायर. चारही एकदम गेले असतील तर मात्र चार अँप एकाच दिवशी मेले असं समजू नका, आधी फ्यूज बघा, मग रिले (विजेने चालणारा स्विच). या डब्यांना करंट थेट बॅटरीच्या बाजूने रिलेमार्फत येतो आणि रेडिओ चालू झाला की रिले ओढला जातो. रेडिओ चालू करताना टिक् असा आवाजच आला नाही तर रिलेचा संशय घ्या, आणि उलटं, गाडी बंद करून चावी खिशात टाकली तरी स्पीकरमधून गुणगुण चालूच असेल तर रिले चिकटून बसलाय, अँप रात्रभर करंट पितायत आणि सकाळी बॅटरी झोपलेली. मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्हशी सिरीजमध्ये लावा (बॅटरी सोडवण्याआधी खाली रेडिओच्या लॉकबद्दल लिहिलंय ते वाचा), दारं बंद करून गाडी नीट झोपू द्या, आणि मग साधारण ५० मिलिअँपच्या वर काही दिसलं तर फ्यूज एकेक काढून बघा कोणत्या फ्यूजने आकडा पडतो. रिले आणि फ्यूजची जागा मॉडेल वर्षाप्रमाणे बदलते, त्यासाठी तुमच्या वर्षाचं जीएमचं सर्व्हिस मॅन्युअल घ्या, यूट्यूबवरचा माणूस ८६ ची गाडी दाखवत असतो आणि तुमच्या हातात ९२ असते.

इंजिनच्या आरपीएमबरोबर चढत जाणारी शिट्टी येत असेल तर ती अल्टरनेटरची, ग्राउंड ढिला किंवा गंजलेला. सी४ ची बॉडी फायबरग्लासची आहे, कुठेही स्क्रू मारून ग्राउंड मिळत नाही, प्रत्येक ग्राउंड वायर ठरलेल्या जागी जाते, आणि आधीच्या मालकाने काही जोडाजोड केली असेल तर पहिला संशय तिथेच. आणि दाराचा आवाज दार उघडलं-मिटलं की येतो-जातो असं होत असेल तर बिजागराजवळची रबराची नळी सरकवून आतली वायर बघा, हजारो वेळा वाकून तुटलेली असते.

कोपरा सापडला की डबा उघडण्याआधी एक सोपी खात्री करा (डब्यापर्यंत पोचायला पॅनल काढायला लागतो, ते कसं ते खाली आहे). डावा आणि उजवा डबा टेस्टपुरते अदलाबदल करून त्या-त्या प्लगला जोडून बघा, खरखर डब्याबरोबर गेली तर डबा खराब, जागेवरच राहिली तर वायरिंग. पुढचा मागे आणि मागचा पुढे करू नका, दोन्हींचं ट्यूनिंग वेगळं असतं, उगाच भलता निष्कर्ष निघेल. आणि लगेच दुरुस्त करायला वेळ नसेल तर आजारी डब्याचा फक्त प्लग काढून ठेवा. बाकीचे तीन व्यवस्थित वाजतात, रेडिओला काही होत नाही, बॅटरी वाचते, आणि मुख्य म्हणजे दाराच्या आत काही तापत बसत नाही. कित्येक लोक पूर्ण सीझन असे तीन कोपऱ्यांवर काढतात, काही लाज नाही त्यात.

आता उघडायचं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि पहिल्यांदा काढणाऱ्यांना ती सापडतच नाही, ती ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या चाकाच्या मागे लपवलेली आहे, बॉनेट उघडून बाजूचा पॅनल काढल्याशिवाय हात पोचत नाही. पण बॅटरी काढण्याआधी थांबा! १९९० पासूनच्या सीडीवाल्या रेडिओत चोरीविरोधी लॉक आहे, आधीच्या मालकाने कोड टाकून ठेवला असेल तर करंट परत आल्यावर डिस्प्लेवर नुसतं लॉक येऊन बसेल आणि मग डीलरच्या मागे फिरायला लागेल. त्यामुळे कोडबद्दल मालकाला आधीच विचारा, ग्लोव्ह बॉक्समधली कागदपत्रं चाळा. शिवाय १९९० पासून ड्रायव्हरला आणि १९९४ पासून पॅसेंजरलाही एअरबॅग आहे, डॅशच्या आसपास काम असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेली एअरबॅग निकामी करायची पद्धत पाळा, तिथे जुगाड नको.

दाराचा पॅनल काढताना टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू आहेत, काही हँडलच्या मागे, काही दिव्याच्या झाकणाखाली, आणि सगळे सारख्या लांबीचे नाहीत. प्रत्येक स्क्रू निघाला की पुठ्ठ्यावर दाराचं चित्र काढून त्या-त्या जागी खोचून ठेवा. ओढताना जोर लागतोय असं वाटलं तर एक स्क्रू राहिलाय, शंभर टक्के. थंडीत हे काम करूच नका, थंडीत ही प्लास्टिक पापडासारखी मोडते.

डबा हातात आल्यावर अँपचा बोर्ड बाहेर काढा आणि भिंग घेऊन बघा. कपॅसिटरच्या बुडाशी चिकट तपकिरी डाग, निस्तेज झालेलं सोल्डर, हिरवट ट्रॅक, हे दिसलं तर आजार सापडला. बऱ्याचदा माशासारखा वास येतो, विशेषतः सोल्डरिंग आयर्न टेकवल्यावर, तो त्या गळलेल्या द्रवाचा. डोळ्यांना काहीच दिसत नसलं तरी कपॅसिटर चांगले असं समजू नका, सुकलेला कपॅसिटर बाहेरून नवा कोरा दिसतो, त्यासाठी ईएसआर मीटर (कपॅसिटरचा आतला रोध मोजणारा) लागतो, किंवा सरळ सगळेच बदलायचे, मी तरी हेच सांगेन, कारण पॅनल पुन्हा काढायचा वैताग त्या चार कपॅसिटरच्या किमतीपेक्षा जास्त आहे.

बदलताना तोच मायक्रोफॅरडचा आकडा, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, आणि १०५ डिग्रीचे घ्या, ८५ चे नको, गाडीत तापमान काय होतं ते वर सांगितलंच. प्लस-मायनस कुठे होतं त्याचे फोटो आधी काढा, सगळ्या बाजूंनी. बोर्डाला चपटे चिकटवलेले कपॅसिटर असतील तर पकडीने ओढू नका, खालचं पॅड द्रवाने आधीच सैल झालेलं असतं, ते ट्रॅकसकट हातात येतं. गळलेल्या जागी सोल्डर वितळतच नाही असं वाटतं, तिथे आधी ब्रश आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने घासून काढा, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) लावा, थोडं ताजं सोल्डर टाका, मग जुनं सुटतं. जुना कपॅसिटर निघाल्यावर पुन्हा एकदा अल्कोहोलने धुवा, अगदी नीट, कारण तो द्रव तिथे राहिला तर नवीन कपॅसिटरखालून ट्रॅक खातच राहणार. मग मल्टिमीटरने ट्रॅक सलग आहे का ते तपासा, तुटला असेल तर बारीक वायरचा पूल घाला. आणि मोठी आयसी किंवा आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळालेले दिसले, बोर्ड काळा पडलाय, तर तिथे थांबा, तो डबा रिपेअरवाल्याकडे पाठवा. अमेरिकेत फक्त हेच डेल्को-बोस अँप दुरुस्त करणारी दुकानं आहेत, डबा बॉक्समध्ये घालून पोस्टाने पाठवायचा, ते दुरुस्त करून परत पाठवतात, वॉरंटी किती देतात आणि स्पीकरही तपासतात का एवढं आधी विचारून घ्या. सोल्डरिंगची अजिबात सवय नसेल तर सुरुवातच इथून करा. एका कोपऱ्याचा गेला म्हणजे बाकी तिघंही त्याच वयाचे आहेत, पैसे असतील तर चारही एकदम पाठवा.

डबा उघडलाच आहे तर स्पीकरच्या कडेची रिंगही बोटाने हलकेच दाबून बघा, फोमची असेल आणि भुगा होत असेल तर तीही बदलायला लागेल, नाहीतर अँप नवा आणि आवाज फाटकाच. परत बसवताना पॅनल लावायच्या आधीच डबा जोडून अर्धा तास वाजवा.

समजा पहिल्या टेस्टमध्ये रेडिओच दोषी निघाला, तर त्याचं थोडं वेगळं आहे. टेप गाणं लांबवतोय किंवा गिळतोय तर रबराचा बेल्ट आणि पिंच रोलर, दोन्ही मिळतात. डिस्प्ले अंधूक झालाय पण गाणं वाजतंय, तर चालवा तसंच, किंवा डिस्प्ले दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. सीडी ओळखत नसेल तर लेन्स पुसून बघा, त्यापलीकडे सीडीवर मी पैसे घालणार नाही. महत्त्वाचं हे की १९९० पासून डॅशमध्ये दिसतो तो फक्त बटणांचा आणि डिस्प्लेचा भाग, खरा रिसीव्हर डॅशच्या मागे वेगळ्या डब्यात आहे. भंगारातून नुसता पुढचा तुकडा आणून लावला आणि काहीच वाजलं नाही, असं करणारे खूप भेटतात. आणि १९८९ पर्यंतचा रेडिओ १९९० नंतरच्या गाडीत चालत नाही, भावाने कितीही स्वस्तात दिला तरी.

ब्लूटूथ पाहिजे, हा खरा मुद्दा असतो पुष्कळांचा, आणि त्यासाठी अख्खी सिस्टिम फेकायची गरज नाही. टेप चालू असेल तर कॅसेट अडॅप्टर आजही मिळतो, आवाज बरा येतो. त्याहून नीट म्हणजे अँटेनाच्या वायरमध्ये बसणारा एफएम मॉड्युलेटर, हा सिगरेट लायटरवाल्या खेळण्यासारखा हवेतून सिग्नल पाठवत नाही, थेट वायरीतून देतो, त्यामुळे शिकागोसारख्या स्टेशनांनी गच्च भरलेल्या शहरातही चालतो. सगळ्यात स्वच्छ म्हणजे रिपेअरवाल्याकडून जुन्या रेडिओच्या आत ऑक्स किंवा ब्लूटूथ बसवून घ्यायचं, बाहेरून काही कळत नाही.

आणि सगळं काढून नवीनच लावायचं असेल तर लावा, त्यात पाप नाही, पण मग पूर्ण लावा. अर्धवट म्हणजे नवीन हेड युनिटच्या स्पीकरच्या तारा थेट बोसच्या डब्यांना. ते अँप बारीक सिग्नलसाठी बनलेत, त्यांना जाड सिग्नल दिला की आवाज फाटतो आणि उरलेलं आयुष्यही जातं. उलट जुने स्पीकर ठेवून फक्त अँप काढले तरी गोची, कारण हे स्पीकर एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमीचे आहेत आणि बाजारातलं हेड युनिट चार ओहम धरून बनवलेलं, ते तापून बंद पडेल. म्हणजे बदलायचं तर हेड युनिट, अँप, चारही स्पीकर आणि त्यांच्या वायरी. जुने डबे ठीक असतील आणि फक्त हेड युनिट बदलायचं असेल तर प्रीआउटमधून (हेड युनिटमागचं बारीक सिग्नलचं आउटपुट) बोससाठीच्या अडॅप्टरने जोडा आणि रिलेला रिमोट टर्न-ऑनची (रेडिओ चालू झाला की करंट देणारी) वायर द्या, हा एकच मधला मार्ग चालतो. डॅशमधलं भोक नेहमीच्या सिंगल डिनपेक्षा (कार रेडिओचं ठरलेलं माप) मोठं आहे, त्याची किट वेगळी घ्यायला लागते.

कारखान्याचं हार्नेस मात्र कापू नका, अडॅप्टर प्लग घ्या. जुना रेडिओ आणि चारही डबे, मेलेले असले तरी, नावं लिहून माळ्यावर ठेवा. झेडआर-१ असेल किंवा १९९६ ची ग्रँड स्पोर्ट असेल (या सी४ च्या खास आवृत्त्या) तर नवीन लावायचा विचारच सोडा, एनसीआरएसच्या (जुन्या कॉर्व्हेट जपणाऱ्यांची संस्था) तपासणीत मूळ रेडिओ बघतात आणि विकताना त्याचा फरक पडतो.

एक राहिलं, अँटेना. एफएम खरखरतं पण टेप स्वच्छ वाजते, तर रेडिओ आणि अँप दोघंही ठीक असतात. मागची पॉवर अँटेना वर जाते का ते बाहेर उभं राहून बघा, मोटर फिरल्याचा आवाज येतो पण दांडी हलत नाही म्हणजे आतली दात्यांची प्लास्टिकची दोरी तुटलीय. नुसती दांडी दोरीसकट वेगळी मिळते, मोटर बदलायची गरज नाही. वरचं नट काढा, रेडिओ चालू करून जुनी दांडी बाहेर येऊ द्या, तुटलेला तुकडा आत अडकला असेल तर मात्र मोटर उघडून काढायलाच लागतो. मग नवीन दोरी दाते योग्य बाजूला ठेवून आत सोडा, कोणाला तरी रेडिओ बंद करायला सांगा, मोटर ती स्वतः आत ओढून घेते.